बुद्धिबळ इंजिनाची नवी आवृत्ती खरोखर सरस आहे का, हे कसे तपासावे

बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजेच इंजिनामध्ये, एखादा बदल करणे हे बहुधा तासाभराचे काम असते. तो बदल फायद्याचा ठरला की तोट्याचा, हे ठरवायला मात्र एखादी रात्र पुरते किंवा आठवडाही अपुरा पडतो. शोधाच्या झाडाची, म्हणजे पुढच्या संभाव्य खेळ्यांच्या फांद्यांची, छाटणी थोडी कडक केली, राजासमोरच्या प्याद्यांना जरा जास्त महत्त्व दिले, किंवा वेळ वाटून घेण्याची रीत बदलली, की इंजिन वेगळे खेळू लागते. पण वेगळे खेळणे आणि चांगले खेळणे यांत फरक आहे आणि तो डोळ्यांनी दिसत नाही. नव्या आवृत्तीने वजिराचा बळी देऊन झोकात मात केली, एवढ्यावर भाळून बदल कायम करणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांची इंजिने वर्षानुवर्षे जिथल्या तिथे राहतात, कारण खरे फायदे आणि लपलेले तोटे एकमेकांना खाऊन टाकतात.

हा लेख ज्याच्याकडे स्वतःचे यूसीआय पद्धतीचे (म्हणजे इतर प्रोग्रामशी ठरलेल्या आज्ञांत बोलणारे) इंजिन आहे आणि घरचा एक साधा संगणक आहे, अशा व्यक्तीसाठी लिहिला आहे. सी++, रस्ट, पायथन यांपैकी कोणत्याही भाषेत इंजिन लिहिलेले असले, तरी पुढील सर्व गोष्टी सारख्याच लागू होतात.

थोड्या डावांवर विश्वास का ठेवू नये

इंजिनांची ताकद मोजण्यासाठी हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांची गुणपद्धती वापरली जाते. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, खेळाडूंसाठी १९७० साली स्वीकारलेली पद्धत ती हीच. तिच्यानुसार दोन प्रतिस्पर्ध्यांतील एलो-फरक माहीत असेल, तर सरस बाजूने डावामागे सरासरी किती गुण मिळवावेत हे ठरते: अपेक्षित गुण = १ ÷ (१ + १०^(−फरक ÷ ४००)). शंभर एलोच्या फरकाला अपेक्षित गुण ६४ टक्के येतात, दहाच्या फरकाला ५१.४ टक्के आणि पाचच्या फरकाला जेमतेम ५०.७ टक्के. बरोबरीच्या आसपास एक टक्का गुण म्हणजे सुमारे सात एलो, एवढे लक्षात ठेवले तरी रोजचे काम भागते.

इंजिन बाल्यावस्थेत असताना एकेका बदलाने पन्नास-शंभर एलो मिळतात. पुढे मात्र दहा एलोचा बदल म्हणजे सणच, आणि नावाजलेल्या इंजिनांत दोन एलोसाठीही झगडावे लागते. एवढा बारीक फरक शंभर डावांत का दिसत नाही, हे पाहण्यासाठी दोन अगदी एकसारखी इंजिने एकमेकांशी खेळवली आहेत आणि निम्मे डाव बरोबरीत सुटतात असे समजू. प्रत्येक डावातील गुणाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून होणाऱ्या चढउताराचे माप, ०.३५४ येते, म्हणून शंभर डावांच्या एकूण गुणसंख्येचे प्रमाण विचलन सुमारे साडेतीन गुण होते. याचा अर्थ असा की एकाच इंजिनाच्या दोन प्रतींपैकी ठरावीक एक प्रत साधारण सात सामन्यांत एकदा ५४ किंवा अधिक गुण मिळवेल, आणि ५४ गुण म्हणजे कागदावर २८ एलोची आघाडी. काहीही न बदलता २८ एलोचा ‘लाभ’ इतक्या सहज हाती येत असेल, तर शंभर डावांच्या निकालाची किंमत किती धरायची ते उघड आहे.

डाव वाढवले की ही अनिश्चितता कमी होते, परंतु वर्गमुळाच्या हिशेबाने. वरच्याच गृहीतावर ९५ टक्के विश्वासाची त्रुटिमर्यादा शंभर डावांना अधिक-उणे ४८ एलो, हजार डावांना १५ एलो आणि दहा हजार डावांना ५ एलो इतकी येते. मर्यादा निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. या गणिताला पळवाट नाही. ज्या काही सवलती मिळतात त्या सुरुवातीच्या स्थितींची निवड आणि थांबण्याचा नियम यांतून मिळतात, आणि म्हणूनच या दोन गोष्टींवर पुढे विस्ताराने लिहिले आहे.

पहिली पायरी: सामन्याआधीची शहानिशा

ज्या आवृत्तीशी तुलना करायची ती मूळ आवृत्ती गोठवून ठेवावी. दोन्ही आवृत्त्या एकाच कंपायलरने, त्याच पर्यायांसह आणि त्याच यंत्रावर बांधाव्यात, आणि तयार झालेल्या फाइलच्या नावात गिटच्या कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, क्रमांक घालावा. ‘नवीन’, ‘नवीन२’, ‘शेवटचे’ अशी नावे दिली की आठवडाभराने कोणते काय हे कोणालाच सांगता येत नाही. इंजिन स्थितीच्या मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्कची वेगळी फाइल वाचत असेल, तर दोन्ही आवृत्त्या एकाच फोल्डरमधून चुकून एकच फाइल उचलत नाहीत ना, हे पाहावे. नव्या नेटवर्कची चाचणी म्हणून रात्रभर जुने नेटवर्क स्वतःशीच खेळत राहण्याचा प्रकार या क्षेत्रात नेहमी घडतो, आणि निकाल शून्याच्या आसपास येत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

खेळ्या निर्माण करणाऱ्या भागाला हात लावला असेल तर ‘परफ्ट’ मोजणी, म्हणजे ठरावीक खोलीपर्यंत खेळ्यांचे एकूण किती क्रम शक्य आहेत याची मोजणी, करावी. सुरुवातीच्या स्थितीतून एक ते सहा अर्ध-खेळ्यांपर्यंतचे (एका बाजूची एक चाल म्हणजे एक अर्ध-खेळी) आकडे २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१, ४८,६५,६०९ आणि ११,९०,६०,३२४ असे आले पाहिजेत. एकाचाही फरक पडला तर खेळ्या निर्माण करणाऱ्या भागात कुठेतरी घोळ आहे असे समजावे. निव्वळ सुरुवातीच्या स्थितीवर समाधान मानू नये, कारण तिथून पाच-सहा अर्ध-खेळ्यांत किल्लेकोट किंवा प्याद्याची बढती यांची वेळच येत नाही. ‘किवीपीट’ या नावाने ओळखली जाणारी गुंतागुंतीची स्थिती त्यासाठी वापरतात आणि तिचे पहिले चार आकडे ४८, २,०३९, ९७,८६२ आणि ४०,८५,६०३ असे आहेत.

त्यानंतर ‘बेंच’. ठरावीक स्थिती ठरावीक खोलीपर्यंत शोधून एकूण किती नोड, म्हणजे शोधाच्या झाडातील स्थिती, पाहिले, हा आकडा छापणारी आज्ञा प्रत्येक इंजिनात असावी. स्टॉकफिश या नावाजलेल्या मुक्त इंजिनात हा आकडा बदलाची सही म्हणून इंजिनाचे विचार बदलणाऱ्या कमिटसोबत नोंदवला जातो. केवळ वेग वाढवण्यासाठी किंवा कोड नीटनेटका करण्यासाठी बदल केला असेल आणि बेंचचा आकडा तोच राहिला असेल, तर इंजिनाचे विचार तेच आहेत. मग हजारो डाव खेळवण्याऐवजी फक्त वेग पुन्हा पुन्हा मोजावा. आकडा बदलायला नको होता आणि तरी बदलला, तर सामना सुरू करण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी पायरी: अटी ठरवणे

सामने खेळवण्यासाठी क्यूटचेस-सीएलआय आणि फास्टचेस ही दोन विनामूल्य साधने प्रचलित आहेत. नवीन सुरुवात करणाऱ्याने फास्टचेस घ्यावे असे माझे मत आहे, कारण पुढे सांगितलेली जोड्यांची आकडेमोड ते स्वतःच करून दाखवते. साधन कोणतेही घेतले तरी अटी मात्र स्वतः ठरवाव्या लागतात.

वेळेची मर्यादा लहान ठेवावी. स्टॉकफिशच्या फिशटेस्ट या चाचणीव्यवस्थेत, जी २०१३ पासून स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालते, पहिली फेरी दहा सेकंद अधिक दर खेळीला ०.१ सेकंद या वेगाने होते आणि त्यात टिकलेला बदल साठ सेकंद अधिक ०.६ सेकंद या दुसऱ्या फेरीला जातो. घरच्या संगणकावर आठ सेकंद अधिक ०.०८ सेकंद ही मर्यादा सोयीची पडते. एक डाव साधारण पंचवीस सेकंदांत संपतो आणि एका वेळी सहा डाव चालवले तर तासाला साडेआठशेच्या आसपास डाव होतात. ‘इतक्या घाईच्या डावांवरून काय कळणार’ ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की पाचशे निवांत डावांपेक्षा दहा हजार घाईचे डाव बहुतेक बदलांबद्दल जास्त खरे सांगतात. ज्या बदलांबद्दल सांगत नाहीत त्यांचा विचार पुढे येईल.

प्रत्येक इंजिनाला एकच थ्रेड आणि सारखीच हॅश, म्हणजे आधी पाहिलेल्या स्थिती लक्षात ठेवण्याची स्मृती, द्यावी. लहान डावांना १६ मेगाबाइट पुरते. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची सोय, म्हणजे पाँडरिंग, बंद ठेवावी. एकाच वेळी चालणाऱ्या डावांची संख्या प्रोसेसरच्या प्रत्यक्ष गाभ्यांपेक्षा कमी असावी. हायपरथ्रेडिंगमुळे दिसणारी दुप्पट संख्या येथे जमेस धरू नये. आठ गाभ्यांच्या यंत्रावर सहा किंवा सात डाव ठीक. सामना चालू असताना त्याच संगणकावर चित्रपट पाहणे किंवा मोठा प्रोजेक्ट कंपाइल करणे टाळावे. त्याचा त्रास दोन्ही बाजूंना सारखाच होईल असे वाटते खरे, पण वेळ सांभाळण्याची पद्धत वेगळी असेल तर तो सारखा होत नाही. लॅपटॉप वापरत असाल तर तो विजेला जोडलेला ठेवावा आणि तापल्यावर त्याचा वेग किती घसरतो हे एकदा पाहून घ्यावे.

ठरावीक खोलीचे सामने मात्र खेळवू नयेत. छाटणी वाढवणारा बदल घेतला तर त्याचा सगळा लाभ वाचलेल्या वेळेत असतो, आणि खोली बांधून दिली की तो वाचलेला वेळ मोजलाच जात नाही. उरते ते केवळ छाटणीचे नुकसान. चांगला बदल वाईट दिसतो आणि उलट छाटणी काढून टाकणारा वाईट बदल चांगला दिसतो. ठरावीक नोडांचे सामने काही वेळा उपयोगी असतात, विशेषतः यंत्राचा वेग भरवशाचा नसेल तेव्हा. परंतु त्यांत प्रत्येक नोडला लागणारा वेळ दडून राहतो, म्हणून मोठे आणि संथ न्यूरल नेटवर्क तिथे जिंकू शकते आणि घड्याळासमोर हरू शकते.

डाव लवकर संपवण्यासाठी निर्णयाचे नियम लावता येतात: दोन्ही इंजिने सलग काही खेळ्या सहाशे सेंटीपॉनहून (एक सेंटीपॉन म्हणजे प्याद्याच्या किमतीचा शंभरावा भाग) मोठी आघाडी एकाच बाजूला दाखवत असतील तर डाव निकाली काढणे, आणि चाळिसाव्या खेळीच्या सुमारास दोन्ही बाजू बराच काळ शून्याजवळ असतील तर बरोबरी देणे. वेळ बराच वाचतो. पण बदल मूल्यमापनाच्या मोजपट्टीतच असेल, म्हणजे पूर्वी दोनशे म्हणणारे इंजिन आता तीनशे म्हणत असेल, तर हेच नियम निकाल वाकवू शकतात; अशा वेळी ते बंद ठेवणे इष्ट. एंडगेममधील सुधारणेची चाचणी असेल तरीही ते बंदच ठेवावेत, कारण जो भाग तपासायचा तोच कापून टाकण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: सुरुवातीच्या स्थिती आणि डावांच्या जोड्या

प्रत्येक डाव मूळ मांडणीपासून सुरू केला तर इंजिने त्याच त्या वाटेने जातात आणि हजार डावांपैकी कित्येक एकमेकांच्या नकला निघतात. नक्कल झालेला डाव हा नवा पुरावा नव्हे. म्हणून हजारो वेगवेगळ्या स्थितींचा संग्रह वापरावा. पीजीएन (डावांच्या नोंदी) किंवा ईपीडी (सुट्या स्थिती) स्वरूपातील असे संग्रह फिशटेस्टच्या मंडळींनी खुले ठेवले आहेत. संग्रहातून स्थिती यादृच्छिक क्रमाने उचलाव्यात आणि प्रत्येक स्थिती दोनदा खेळवावी: एकदा नवी आवृत्ती पांढऱ्या बाजूने, एकदा काळ्या. एखादी सुरुवात पांढऱ्याला फारच अनुकूल असेल तर तिचा लाभ दोघांनाही एकेकदा मिळतो.

संतुलित स्थिती घ्याव्यात की असंतुलित, हे इंजिनाच्या ताकदीवर ठरते. नवख्या इंजिनांचे डाव संतुलित सुरुवातीतूनही निकाली लागतात, त्यामुळे आठ-आठ खेळ्यांच्या साध्या संग्रहाने काम होते. बलवान इंजिने मात्र संतुलित सुरुवातीतून इतक्या बरोबऱ्या करतात की मोजायला काही उरतच नाही. त्यांच्यासाठी पांढऱ्याला जिंकण्याच्या उंबरठ्यावर आणून सोडणारे संग्रह तयार झाले, आणि त्यांत स्टेफान पोल यांचा ‘असंतुलित मानवी सुरुवाती’ हा संग्रह सर्वाधिक वापरला गेला.

जोडीने खेळवल्याचा खरा लाभ मोजणीत घ्यायचा असेल तर एकक म्हणून डाव नव्हे, जोडी धरावी. येथे एक उदाहरण सविस्तर पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. हजार डावांत नव्या आवृत्तीने २६२ जिंकले, २४० गमावले आणि ४९८ बरोबरीत सोडवले. एकूण गुण ५११, म्हणजे ५१.१ टक्के, म्हणजे सुमारे ७.६ एलो. डाव सुटे मोजले तर त्रुटिमर्यादा अधिक-उणे १५.३ एलो येते. आता हेच डाव पाचशे जोड्या म्हणून मांडू. २० जोड्यांत नव्या आवृत्तीला शून्य गुण, १०५ जोड्यांत अर्धा, २३२ जोड्यांत एक, ११९ जोड्यांत दीड आणि २४ जोड्यांत दोन गुण मिळाले. मधल्या २३२ पैकी १३७ जोड्यांत दोन्ही डाव बरोबरीत सुटले, तर ९५ जोड्यांत दोघांनी एकेक जिंकला. या ९५ जोड्यांतील १९० निकाली डाव सुट्या हिशेबात मोठी उलथापालथ म्हणून मोजले जातात, पण जोडीच्या हिशेबात ते एक-एक असे फिटून जातात, कारण तिथे इंजिन नव्हे तर सुरुवातच जिंकलेली असते. परिणामी त्रुटिमर्यादा १३.६ एलोवर उतरते. फरक किरकोळ वाटला तरी त्याचा अर्थ असा की तेवढ्याच खात्रीसाठी पाचांपैकी एक डाव वाचला. या पाच खान्यांच्या मोजणीला पेंटानोमियल म्हणतात आणि सुरुवाती जितक्या असंतुलित तितका तिचा फायदा मोठा असतो.

एवढे करूनही उदाहरणातील निकाल उणे ६ ते अधिक २१ एलो यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. हजार डाव, वीस-बावीस विजयांची आघाडी, आणि तरीही आवृत्ती सरस आहे असे ठामपणे म्हणता येत नाही.

चौथी पायरी: थांबायचे केव्हा, हे आधीच ठरवणे

सामना पाहत बसणे आणि आकडा मनासारखा दिसला की थांबवणे, ही या कामातील सर्वांत महागडी सवय आहे. ९५ टक्के विश्वासाची कसोटी सामन्याच्या शेवटी एकदाच लावली तर निरुपयोगी बदल चुकून पास होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत राहते. हीच कसोटी समान अंतराने दहा वेळा लावून पाहिली आणि पहिल्या अनुकूल आकड्याला थांबले, तर दोन्ही दिशांचे मिळून फसव्या निकालांचे प्रमाण जवळपास १९ टक्क्यांवर जाते. दर पाच मिनिटांनी डोकावणाऱ्याचे काय होत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

डोकावण्याची मुभा देऊनही चुकीचे प्रमाण आवाक्यात ठेवणारी रीत अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलंबिया विद्यापीठात युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी विकसित केली. (वाल्ड यांचा शेवट भारतात झाला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी आले असता डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून ते आणि त्यांच्या पत्नी मृत्युमुखी पडले.) या पद्धतीला क्रमिक संभाव्यता-गुणोत्तर चाचणी म्हणतात, इंजिनकर्ते तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एसपीआरटी म्हणतात.

तिची रचना अशी. दोन गृहीतके आधी लिहून ठेवायची: पहिले, बदलाचा लाभ शून्य एलो आहे, दुसरे, लाभ पाच एलो आहे. प्रत्येक जोडीनंतर, आतापर्यंतचे निकाल पहिल्यापेक्षा दुसऱ्या गृहीतकाशी किती अधिक जुळतात याच्या गुणोत्तराचा लॉगरिदम काढायचा. दोन्ही प्रकारच्या चुकांना पाच-पाच टक्के मुभा दिली असेल तर हा आकडा अधिक २.९४ वर पोचताच बदल स्वीकारायचा, उणे २.९४ वर पोचताच फेटाळायचा आणि मध्ये असेपर्यंत खेळत राहायचे. हा २.९४ म्हणजे ०.९५ भागिले ०.०५, अर्थात १९ या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम. आपल्या उदाहरणातील पाचशे जोड्या या चाचणीत घातल्या तर आकडा साधारण ०.५३ येतो. म्हणजे एवढ्या ‘आघाडी’नंतरही वाट एक-पंचमांशसुद्धा सरलेली नाही.

गृहीतकांतील अंतर किती ठेवावे? ते स्वतःच्या इंजिनाचे वय आणि विजेचे बिल पाहून ठरवावे. निम्म्या बरोबऱ्या आणि खरा लाभ वरच्या गृहीतकाइतका असे धरल्यास, शून्य-ते-दहा या अंतराला सरासरी तीन हजारांच्या आसपास डाव लागतात, शून्य-ते-पाचला तेरा हजार आणि शून्य-ते-दोनला ऐंशी हजार. वर सांगितलेल्या यंत्रावर तेरा हजार डाव म्हणजे पंधरा तास. खरा लाभ दोन्ही गृहीतकांच्या बरोबर मध्ये, म्हणजे अडीच एलो असेल, तर चाचणी सर्वांत जास्त रेंगाळते आणि सरासरी एकवीस हजार डाव घेते. नव्या इंजिनासाठी शून्य-ते-दहापासून सुरुवात करावी आणि बहुतेक कल्पना फेटाळल्या जाऊ लागल्या की मगच अंतर कमी करावे. चाचणी निम्म्यावर आली असताना ‘थोडे अंतर बदलून पाहू’ असे करू नये. ते डोकावून थांबण्याचेच दुसरे रूप आहे.

काही बदल ताकद वाढवण्यासाठी नसतातच. जुना, कोणाला न समजणारा नियम काढून टाकून कोड सोपा करायचा असेल, तर विचारायचा प्रश्न ‘सरस आहे का’ हा नसून ‘वाईट तर झाले नाही ना’ हा असतो. त्यासाठी गृहीतके खाली सरकवावीत, उदाहरणार्थ उणे पाच ते शून्य. ही चाचणी पास झाली तर नियम खुशाल काढावा. इंजिन निरोगी ठेवण्यासाठी अशा वजाबाक्या नव्या कल्पनांइतक्याच गरजेच्या आहेत, आणि घरोघरीच्या इंजिनांत नेमक्या त्याच होत नाहीत.

एक गोष्ट एसपीआरटी देत नाही: लाभ नेमका किती, याचा चांगला अंदाज. अनुकूल चढावावर चाचणी थांबते, त्यामुळे स्वीकारलेल्या बदलांचा दिसणारा एलो नेहमीच थोडा फुगलेला असतो. आकडा हवा असेल तर पूर्वनिश्चित संख्येचे डाव वेगळे खेळवावेत.

पाचवी पायरी: चाचणीचीच चाचणी

पहिली खरी चाचणी लावण्याआधी मूळ आवृत्ती तिच्याच दुसऱ्या प्रतीशी दोन-चार हजार डाव खेळवून पाहावी. निकाल त्रुटिमर्यादेत शून्याला धरून राहिला पाहिजे. नंतर एका बाजूला निम्मा वेळ देऊन पुन्हा खेळवावे. ती बाजू स्पष्टपणे हरली नाही, तर वेळेची आज्ञा इंजिनापर्यंत पोचतच नाही असे समजावे. या दोन तपासण्यांना एक संध्याकाळ लागते.

प्रत्येक सामन्यानंतर डाव कसे संपले याची मोजणी उघडून पाहावी. वेळ संपून हरलेले, बेकायदा खेळी केलेले आणि इंजिन कोसळल्यामुळे सुटलेले डाव वेगळे दिसतात. नवी आवृत्ती हजारात आठ-दहा डाव घड्याळामुळे गमावत असेल, तर तिचा विचार चांगला असूनही निकाल खराब दिसेल; आणि जुनी आवृत्ती गमावत असेल तर उलट. दोन्ही आवृत्त्या वेळेत मार खात असतील तर बहुधा एकावेळच्या डावांची संख्या जास्त आहे. हार-जीत बाजूला ठेवून दहा-बारा पराभव पटावर उलगडून पाहणेही फायद्याचे असते, पण ते पुढची कल्पना सुचावी म्हणून. चालू कल्पनेचा निकाल त्यावरून ठरवू नये. तसेच तीनशे डावपेचांच्या कोड्यांपैकी नवी आवृत्ती किती सोडवते, हा आकडा फसवा आहे. कोडी जास्त सोडवणारे इंजिन डाव जास्त जिंकेलच असे नाही, कारण कोड्यांत उत्तर असते हे ठाऊक असते आणि प्रत्यक्ष डावातील बहुतेक स्थितींत तसे काही नसते.

सहावी पायरी: दीर्घ वेळ आणि परके प्रतिस्पर्धी

लहान वेळेत पास झालेला बदल मोठ्या वेळेत पुन्हा तपासावा, विशेषतः तो शोधाशी संबंधित असेल तर. उशिरा येणाऱ्या खेळ्यांची खोली कमी करण्याचे नियम, छाटणीच्या मर्यादा, शह पडल्यावर शोध वाढवण्याचे नियम हे सर्व खोलीनुसार वेगळे वागतात. आठ सेकंदांत सहा एलो देणारा बदल चाळीस सेकंदांत शून्यावर येऊ शकतो. मूल्यमापनातील लहानसहान वजने सहसा इतकी लहरी नसतात, म्हणून यंत्रवेळ मोजकी असेल तर दुसरी फेरी शोधातील बदलांसाठी राखून ठेवावी. वेळवाटपाचे बदल मात्र ज्या प्रकारच्या वेळेत इंजिन खेळणार आहे त्याच प्रकारात तपासले पाहिजेत. दर खेळीला जादा वेळ मिळणाऱ्या डावांवरून जादा वेळ न मिळणाऱ्या डावांबद्दल काहीच सांगता येत नाही.

स्वतःच्याच जुन्या आवृत्तीशी खेळताना फरक मोठा दिसतो, कारण दोघांची समज एकसारखी असते आणि एकाला दिसलेली बारीक गोष्ट दुसऱ्याला नेमकी दिसत नाही. परक्या इंजिनांसमोर तोच लाभ आखडतो. म्हणून रोजचे निर्णय आपसांतील सामन्यांवर घ्यावेत, पण दहा-पंधरा बदल जमा झाले की आपल्या ताकदीच्या शंभर एलो वर-खाली असणारी पाच-सहा वेगवेगळ्या घडणीची इंजिने गोळा करून जुन्या व नव्या दोन्ही आवृत्त्या त्यांच्याशी सारख्याच अटींवर खेळवाव्यात आणि ऑर्डोसारख्या साधनाने गुणांकन काढावे. योग्य प्रतिस्पर्धी निवडण्यासाठी इंजिनांना एकमेकांशी खेळवून क्रमवारी लावणाऱ्या सीसीआरएल या गटाची गुणयादी उपयोगी पडते. या मोजणीत येणारी एकूण वाढ, सुट्या बदलांचे दिसलेले एलो बेरीज करून येणाऱ्या आकड्यापेक्षा बहुतेकदा कमी भरते. त्यामागे वर सांगितलेला फुगवटा आहे, आपसांतील सामन्यांची अतिशयोक्ती आहे, आणि पास झालेल्यांत एखाद-दुसरा नशिबाने पास झालेलाही आहे. बेरीज जुळत नाही म्हणून एकेक बदल उकरून काढण्याच्या भानगडीत पडू नये. एकूण आकडा त्रुटिमर्यादेसह स्पष्टपणे वर गेला असेल तर नवी आवृत्ती प्रसिद्ध करावी, आणि खाली गेला असेल तर मधल्या कमिटांपैकी अर्ध्यावरची आवृत्ती घेऊन त्याच अटींवर शोध सुरू करावा.

नोंदवही

प्रत्येक चाचणीची एक ओळ लिहून ठेवावी: दोन्ही कमिटांचे क्रमांक, वेळ, हॅश, सुरुवातींचा संग्रह, गृहीतके, पाच खान्यांतील जोड्यांची संख्या, शेवटचा आकडा आणि निर्णय. नापास झालेल्या चाचण्या वगळू नयेत. एकाच कल्पनेचे वीस बारीक प्रकार तपासून त्यांतला एक पास झाला, तर त्या एकाकडे वीस प्रयत्नांच्या नजरेने पाहिले पाहिजे, आणि ते वीस कुठे लिहिलेच नसतील तर तसे पाहता येत नाही. अशा वेळी तो एक प्रकार नव्या सुरुवातींसह पुन्हा पहिल्या डावापासून तपासावा आणि जुने डाव त्यात मिळवू नयेत. फेटाळलेली कल्पना कायमची बाद होत नाही. मूल्यमापन बदलले, विशेषतः हाताने लिहिलेल्या मूल्यमापनाच्या जागी न्यूरल नेटवर्क आले, की छाटणीच्या जुन्या मर्यादा पुन्हा तपासण्याजोग्या होतात. त्या वेळी नोंदवहीतील उणे दोन एलोवर फेटाळलेल्या ओळी आधी घ्याव्यात आणि उणे वीसवाल्या शेवटी.